चारशे संदेष्टे आणि आक्काची काळी पाच

बेळगावच्या कोर्टात मी एकतीस वर्षं बेंच क्लार्क होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ घालायची, हे माझं काम. देवासमक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. शपथ कन्नडमधून घालायची, समोरचा गोंधळला तर हळूच मराठीतून समजावायची, आणि मग पुढचा अर्धा तास तो बिनदिक्कत खोटं बोलताना ऐकत बसायचं. इतक्या वर्षांत माझा असा समज झाला होता की खोटं बोलणारा माणूस मला पाठमोरा उभा असला तरी ओळखू येतो. बायको म्हणते, निवृत्त झालास त्या दिवशी हा समज कोर्टातच ठेवून यायचास.

निवृत्तीनंतर आम्ही पिरनवाडीला राहायला गेलो. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब तरुण आहेत आणि रविवारची उपासना संपली की त्यांना फार भूक लागते. त्यामुळे उपासनेनंतरचा मोठ्या माणसांचा शास्त्राचा वर्ग त्यांनी माझ्या गळ्यात घातला. विषय काय घ्यावा हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. तो मी निवडला, आणि पुढं जे झालं त्यात दुसऱ्या कुणाला बोल लावायला मला जागा नाही. विषय होता, जुन्या करारातले खरे आणि खोटे संदेष्टे. देवाच्या नावानं दोघंजण उलटसुलट सांगत असतील, तर त्यातला देवाचा आवाज कुठला, हे ओळखायचं कसं.

पहिल्या रविवारी मी चारशे संदेष्ट्यांची गोष्ट घेतली. इस्राएलाच्या राजाला लढाईला जायचं असतं. तो चारशे संदेष्टे गोळा करतो आणि विचारतो, जाऊ का? चारशेच्या चारशे म्हणतात, जा महाराज, जय तुमचाच. एकजण तर लोखंडाची शिंगं करून आणतो आणि शत्रूला ढुशी कशी द्यायची ते करून दाखवतो. शेजारचा राजा पाहुणा आलेला असतो, त्याला ही एकजात हुजरेगिरी बघून शंका येते. तो विचारतो, आणखी कोणी उरलाय का हो? राजा म्हणतो, एक आहे, पण मला त्याचा राग येतो, तो माझ्याविषयी कधी चांगलं म्हणून बोलत नाही. त्याला बोलवायला गेलेला शिपाई वाटेत त्याला समजावतो, बाबा रे, सगळ्यांनी गोड सांगितलंय, तूही गोडच सांग. तो येतो आणि खरंच म्हणतो, जा, जिंकशील. तेव्हा राजाच त्याच्यावर खेकसतो की तुला किती वेळा शपथ घालू, खरं सांग म्हणून. मग तो खरं सांगतो, आणि राजा त्याला तुरुंगात टाकतो. कोरडी भाकर आणि पाणी.

"कितींदा शपथ घालू" हे वाक्य वाचताना मला कोर्ट आठवलं आणि अंगात वारं आलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कडू सांगेल तो खरा'. आणि वर स्वतःचं उदाहरण दिलं. ते उदाहरण असं.

मी नऊ वर्षांचा होतो. नाताळच्या गीतांची तालीम आमच्याच घरी चालली होती. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तेव्हा सोळा वर्षांची होती आणि पेटीवर बसली होती. तिनं मधेच भाता सोडला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू बेसूर हाईस. तू नुसतं तोंड हालव." बस्स. त्या दिवसापासून आजपर्यंत, पन्नासहून जास्त वर्षं, मी मंडळीत उभा राहून नुसतं तोंड हलवत आलो. शब्द सगळे पाठ. श्वास कुठं घ्यायचा, ओठ कुठं गोल करायचे, शेवटची ओळ लांबवताना भुवया कशा वर न्यायच्या, सगळं बिनचूक. आवाज मात्र नाही. बायकोला हे लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तोवर शेजारी उभा नवरा गातोय असंच तिला वाटत होतं.

"मला लहानपणीच एक खरी संदेष्ट्री भेटली," मी वर्गात सांगितलं. "तिनं कडू सांगितलं, म्हणून तुमचे कान वाचले." लोक हसले. मलाही बरं वाटलं.

बायको वर्ग फोनवर रेकॉर्ड करते आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. ग्रुपमध्ये कोल्हापूर, संकेश्वर, निपाणी, पुणे सगळीकडचे लोक आहेत आणि कोणी काहीही टाकलं तरी तिथं हात जोडलेले येतात. कुणाच्या म्हशीचा फोटो टाका, हात जोडलेले. निपाणीला असलेली आक्का मात्र मन लावून ऐकते. भाजी निवडत ऐकते आणि लगेच बोलून उत्तर पाठवते, त्यात मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाजही येतो. त्या रेकॉर्डिंगला तिचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, निपाणीत रेंज नसेल.

आता आक्काविषयी. निपाणीच्या मराठी शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, आता तीही निवृत्त आहे. निपाणीच्या मंडळीत भजन म्हटलं की आक्का. तंबाखूच्या हंगामात निम्मं गाव शिंकत असतं, पण आक्काचा गळा कधी बसला नाही असं लोक सांगतात. आणि तिची काळी पाच. काळी पाच म्हणजे पेटीवरची एक पट्टी, गळ्यात दम असेल त्यानंच तिथून गायला सुरुवात करावी इतकी चढी. आक्का जन्मभर काळी पाचवरनं गायली. कुणी म्हणालं की आक्का, जरा खालून घेऊ या, तर ती त्याच्याकडं असं बघायची की त्यानं तिला मागल्या बाकावर बसायला सांगितलंय.

दर वर्षी ह्या भागातल्या मराठी मंडळ्यांचा भजनमेळावा भरतो. ह्या वर्षी तो बेळगावात होता. आक्कानं जाहीर करून टाकलं होतं की निपाणीकडनं ती उभी राहणार, हे तिचं शेवटचं, आणि गाणार ते आमच्या वडिलांच्या आवडीचं भजन, ज्याची वरची ओळ ऐकून माणसं डोळे मिटतात. तालमीचं एक रेकॉर्डिंग तिनं ग्रुपवर टाकलं. हात जोडलेले आले, फुलं आली, "आक्का, आवाज अजून तस्सा" असं आलं. मीही दोन हात जोडून टाकले. ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. तंबाखूच्या वखारीत कारकून होते, मंडळीत पेटी वाजवतात, आणि घरात गरजेपुरतं बोलतात. आक्का दर शनिवारी मला डबा पाठवते. सुकं मटण, खर्डा, चार ज्वारीच्या भाकरी. दाजी निपाणीच्या स्टँडवर जाऊन तो बेळगावच्या बसच्या कंडक्टरच्या हातात देतात आणि मला बसचा नंबर कळवतात. त्या दिवशी नंबर सांगून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुला येक सांगायचं हुतं," ते म्हणाले. "माझी पेटी स्केल चेंजरची हाय, ठावं हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. तसल्या पेटीत पट्ट्यांची अख्खी फळी डावीकडं सरकवता येते. मग बोट ठेवायचं काळी पाचवर, पण सूर येतो खालचा.

"मी सा वर्सं झाली खाली घेतोय," दाजी म्हणाले. "पयल्यांदा येक पट्टी. मग दोन. आता तीन हाईत. तिला न्हाय म्हायती. ती माझ्या बोटाकडं बघती, बोट काळी पाचवरच असतंय."

सहा वर्षं. शेजारी मांडीला मांडी लावून बसून.

"आन् मेळाव्याला आपली पेटी चालत न्हाय," ते पुढं म्हणाले. "तिथं येकच साधी पेटी, समद्या मंडळांस्नी तीच. तिथं काळी पाच म्हंजी काळी पाच. वरच्या वळीला तिचा आवाज फुटणार रं. चारशे मान्सांत."

चारशे हा आकडा त्यांनी सहज घेतला होता, पण मला राजाचे चारशे आठवले. आक्का घाबरते ती एकाच गोष्टीला, लोकांनी हसण्याला. चाळीस वर्षं जिचं नाव घेऊन लोक आपल्या पोरींना गायला बसवत आले, तिचा आवाज भर सभेत चिरकला तर ती पुन्हा मंडळीत पाऊल टाकणार नाही, हे दाजींना माहीत होतं आणि मलाही.

"तुमी सांगा की तिला," मी म्हटलं.

"म्या कसं सांगू? तू शास्त्र शिकिवतोस. तू सांग."

एका संदेष्ट्याला लोकांनी प्रश्न विचारला तेव्हा दहा दिवस त्याला देवाकडून उत्तर आलं नाही, आणि तो दहा दिवस गप्प बसला. खोट्यांची उत्तरं तयार असतात, खरा वाट बघतो. हे मी दुसऱ्या रविवारी वर्गात फार रंगवून सांगितलं. मीसुद्धा दहा दिवस गप्प बसलो. फरक एवढाच की त्याला उत्तर माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

अकराव्या दिवशी बायकोनं मला निपाणीच्या बसमध्ये बसवलं. संकेश्वर येईपर्यंत मी चार प्रकारे वाक्य जुळवून बघितलं. निपाणीच्या स्टँडवर दाजी न्यायला आले होते. घराकडं चालताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "हे बघ, आल्या आल्या नगो. पयलं चांगलं म्हण. गोड बोल. जेवल्यावर बघू." मला तो राजाचा शिपाई आठवला. शास्त्रात त्या शिपायाला नाव नाही. दाजींसारखाच कोणीतरी घाबरलेला संसारी माणूस असणार.

घरात तालीम चालू होती. मंडळातल्या पाच-सहा बायका, मागं आक्काची सून टाळ घेऊन बसलेली. दाजी पेटीवर बसले. त्यांचं बोट काळी पाचवर गेलं आणि आक्का गायली. मी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. गोड होतं. खालून का होईना, माझी बहीण अजून गाते आहे. बायका उठून गेल्या. सून चहा ठेवायला आत गेली. आक्कानं चिपळ्या खाली ठेवल्या.

"कसं झालं?"

"छान."

"व्हय?"

"एकदम."

तिनं माझ्याकडं तसंच बघितलं, जसं पेटीचा भाता सोडून माझ्या नवव्या वर्षी बघितलं होतं. "तुझ्या त्या राजाला बी कळलं हुतं, त्यो पयल्यांदा खोटं बोलतोय त्ये. मला कळत न्हाय व्हय? कितींदा शपथ घालू तुला?"

एकतीस वर्षं दुसऱ्यांना शपथ घालणारा मी, माझ्याच वर्गातलं वाक्य माझ्या अंगावर आल्यावर पार उघडा पडलो. आणि मग भडाभडा सांगून टाकलं. दाजींची पेटी, तीन पट्ट्या, मेळाव्याची साधी पेटी, वरची ओळ. "लोक हसतील आक्का," हेसुद्धा सांगितलं. दाजी भात्याच्या घड्या मोजत असावेत, मान काही वर केली नाही.

आक्का त्यांच्याकडं वळली. "किती वर्सं?"

"सा."

"किती खाली?"

"तीन."

तिनं चिपळ्या उचलून कोनाड्यात ठेवल्या. मग मला म्हणाली, "जेवून जातोस का च्या घिऊन?"

आक्काच्या घरातून मी न जेवता कधी परत आलेलो नाही, आणि तिनं असा प्रश्नही कधी विचारलेला नाही. मी चहा घेऊन निघालो. बसमध्ये बसलो तेव्हा आपण हे काय करून बसलो असं वाटत होतं. पण संकेश्वर मागं पडलं तसं मला बरं वाटायला लागलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटायला लागलं. चारशे जणांत मी एकटा खरा निघालो होतो.

त्या शनिवारी डबा आला नाही. दाजींचा फोनही नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? खरं सांगणाऱ्याला कोरडी भाकर आणि पाणी. शास्त्रात लिहिलंय तसंच." मला ते बोलताना आवाजात थोडी कंपनं आणावीशी वाटली, ती आणली.

बायको खानापूरकडच्या शेतकरी घरातली आहे आणि तिला असल्या गोष्टी सोसत नाहीत. तिनं माझ्या ताटातली भाकरी उचलली. "माझ्या हातची कोरडी भाकर झाली व्हय? मग नगो खाऊ." संदेष्ट्याला निदान तुरुंगात भाकर तरी मिळत होती. मी त्या दुपारी शेव-चुरमुऱ्यांवर भागवलं.

मी आक्काला फोन केला नाही. तिनं करावा, असं मला वाटत होतं. मेळाव्याला जाऊन ती तोंडावर पडेल, मग तिला कळेल. हे वाक्य मी मनातसुद्धा एवढं स्पष्ट म्हटलं नव्हतं, पण होतं ते असंच.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी वर्गात गोष्ट होती जोखडाची. यरुशलेमेवर मोठं संकट आलेलं असतं. देवाचा एक संदेष्टा मानेवर लाकडी जोखड घालून गावभर फिरतो आणि सांगतो, परक्याच्या जोखडाखाली मान द्यावी लागणार, अजून बरीच वर्षं. दुसरा एक उभा राहतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, छे, दोन वर्षांत सगळं सुरळीत. गेलेलं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं असतं. आता जोखडवाला चिडेल, असं वाटतं. मी वर्गाला म्हटलं, बघा हं, आता तो काय उत्तर देतो. आणि पुढची ओळ वाचायला लागलो.

तो म्हणतो, आमेन. देव करो आणि तसंच होवो.

ही गोष्ट मी आधी दहा वेळा तरी वाचली असेल. पण त्या दिवशी मी तिथं थांबलो आणि मला पुढं वाचता येईना. आपलं वाईट भाकीत खोटं ठरावं, असं त्या माणसाला वाटत होतं. समोरचा खोटा आहे हे माहीत असून त्याचं गोड बोलणं खरं व्हावं, असं वाटत होतं. आणि मी? मला आक्काचा आवाज फुटायला हवा होता. चारशे माणसांत. मी खरा ठरावा म्हणून. माझ्या सख्ख्या बहिणीचा. मला माझी एवढी लाज वाटली की कान गरम झाले.

फळ्यावर 'कडू सांगेल तो खरा' अजून तसंच होतं, कुणी पुसलं नव्हतं. मी ते पुसलं, दुसरं काही सुचेना, म्हणून वर्ग वीस मिनिटं आधी सोडला. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही पुढच्या रांगेत बसलो. निपाणीचं मंडळ पाचवं होतं. आक्का पांढऱ्या साडीत मधे बसली, हातात चिपळ्या. सून तिच्या बरोबर पाठीमागं. दाजी त्या परक्या पेटीवर बसले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. आक्कानं माझ्याकडं बघितलंच नाही. दाजींकडं वळून मोठ्यानं, माइकमध्ये जाईल अशा बेतानं म्हणाली, "काळी पाच."

मी आमेन म्हटलं. मनात, पण मनापासून. देवा, मला खोटा पाड. माझं एकही अक्षर खरं होऊ देऊ नकोस.

ध्रुवपद झालं. ते खालीच असतं, निभावलं. मग वरची ओळ आली आणि आवाज गेला सरळ वर, स्वच्छ, कुठं धक्का नाही. माझ्या मागचा एकजण "वा" म्हणाला. लोकांनी डोळे मिटले. माझे उघडे होते, आणि त्यातून पाणी यायला लागलं होतं. मी खोटा ठरलो होतो आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग मला आक्काचा गळा दिसला.

त्या ओळीला गळ्याची शीर टरारून फुगते. आक्काची फुगली नव्हती. तोंड बरोबर उघडत होतं. ओठ जिथं गोल व्हायला हवेत तिथं होत होते. भुवया वर जात होत्या. पण छाती हलत नव्हती, आणि शेवटचा सूर लांबला तेव्हा तिनं मधेच श्वास घेतला तरी सूर तुटला नाही. अख्ख्या मांडवात हे ओळखू शकणारा माणूस एकच होता, कारण त्या कामाचा पन्नास वर्षांचा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता. गात होती ती मागं बसलेली सून. आक्का नुसतं तोंड हलवत होती.

काळी पाचवरनं जन्मभर गायलेली माझी बहीण. मला काय झालं ते सांगता येणार नाही. शेवटी ध्रुवपद सगळ्या सभेनं म्हणायचं असतं. सभा उभी राहिली, मीही उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज आला. मोठा. बायकोनं दचकून माझ्याकडं बघितलं. मी थांबलो नाही.

भजन संपल्यावर आक्काभोवती गर्दी झाली. कोल्हापूरचे, संकेश्वरचे, सगळे. आवाज अजून तस्सा, आक्का. वय बोलत नाही तुमचं, आक्का. ती सगळ्यांना हात जोडत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, "माझ्या सुनेचं बी ऐकत जावा." कुणी ऐकून घेत नव्हतं. गर्दी पांगली तेव्हा मी पुढं झालो.

"सलाम, आक्का," मी आमच्या मंडळीतल्या रीतीनं म्हटलं.

"काय म्हणतोस?"

"ओठ चांगलं हालीवलंस."

"तुझ्याकडनंच शिकले," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "वाळलास. बायको जेवायला घालती न्हवं?"

"तू डबा बंद केलास. मला वाटलं, रागावलीस."

"रागाला वेळ हुता व्हय? दर शनवार-ऐतवार सुनंला बसवीत हुते खऱ्या काळी पाचवर. मटण कवा करू? तुला भाकरी नसली तर फोन करून इचारायचं." दाजी मागं उभे राहून मान डोलावत होते. माझा तुरुंग, माझी कोरडी भाकर, माझ्या आवाजातली कंपनं, सगळं तिनं एका वाक्यात निकालात काढलं. घरात स्वयंपाक झाला नव्हता, एवढाच त्या शिक्षेचा अर्थ होता. आणि मी त्यातून देवाचा आवाज ऐकत बसलो होतो.

"शेवटाला कोण रेकत हुतं?" तिनं विचारलं. "तू?"

"व्हय."

तिचं हसणं थांबलं. चिपळ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "तुझ्या पयल्या वर्गाला मी उत्तर दिलं न्हवतं, ध्येनात हाय?"

"रेंज नसंल म्हटलं."

"रेंज हुती. तू समद्यांस्नी सांगत हुतास, आक्कानं खरं सांगितलं म्हणून. मला चार दिस झोप न्हवती रं." तिनं आवाज खाली घेतला. "तू बेसूर न्हवतास. त्या नाताळाला येकट्यानं गायाचं गीत मला पायजे हुतं. आन् आप्पा म्हणत हुते, धाकट्याला देऊ या, त्याचा आवाज गोड हाय."

आप्पा म्हणजे आमचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली. पन्नास वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले, प्रत्येक रविवारी मी तोंड हलवत उभा. तिनं कडू सांगितलं होतं, म्हणून मी खरं मानलं होतं. मला राग आला. फार राग आला, आणि समोर अडुसष्ट वर्षांची, नुकतीच चारशे माणसांत स्वतःचा आवाज गिळून आलेली बाई उभी होती, म्हणून तो कुठं ठेवावा कळेना.

"आन् आता?" मी विचारलं. "आत्ता कसा हुता आवाज? खरं सांग."

आक्कानं माझ्याकडं सावकाश बघितलं. मी कोर्टात शेकडो साक्षीदारांचे चेहरे वाचले आहेत. तिचा मला वाचता आला नाही.

"बेसूर," ती म्हणाली. "पर गा."

शनिवारी डबा आला. भाकऱ्या चारच्या सहा होत्या. दुसऱ्या दिवशी उपासनेत पहिलं गीत सुरू झालं तेव्हा मी छाती भरून श्वास घेतला आणि गायलो, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. बायको एक बाक पुढं सरकून बसली.